चाखणदार यॅपचा घोट

अ‍ॅम्ब्रोज यॅपला बिअरची शिसारी येते, ही गोष्ट ऑल्डर्सली गावात फक्त मला ठाऊक होती आणि ती मी सव्वीस वर्षं पोटात ठेवली. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे गावाला माहीत आहे. पण गावाने ज्याला बिअरचा चाखणदार नेमलंय, ज्याच्या अंगावर काळा झगा आणि हातात पितळी पेला दिलाय, त्यालाच बिअरच्या वासाने ढवळतं, असं मी सांगितलं असतं तरी कोणाला पटलं नसतं.

मी थेल्मा. ‘लंगडा हंस’ या पबच्या गल्ल्यामागे एकोणतीस वर्षं उभी आहे. कोण काय पितो आणि प्यायल्यावर काय बोलतो, दोन्ही मला पाठ. यॅप यायचा, टोपी काढायचा आणि आल्याचा सोडा मागायचा. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही बिअर मागितली नाही, आणि सव्वीस वर्षांत एकाही माणसाने ‘का रे बाबा?’ असं विचारलं नाही. आमच्याकडे कोणी कोणाला काही विचारतच नाही. माणूस डोक्यावर बादली पालथी घालून आत आला, तरी आम्ही म्हणू, ‘आज उघडीप बरी पडलीय, नाही?’

मला कळलं ते पहिल्याच वर्षी. चाखण्याचा समारंभ आटोपला, बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि हा मागच्या अंगणात नळाखाली तोंड धरून उभा. झगा कोपरापर्यंत सरकवलेला, रुमालाने जीभ खरवडत होता, डोळ्यांतून पाणी.

“मिस्टर यॅप, बरं नाही का वाटत?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाला एरंडेल पाजावं तसा चेहरा झालेला.

“थेल्मा, खरं सांग. लोक हे पैसे देऊन पितात?”

मी हसत सुटले. मग तो हळूच म्हणाला, “कोणाला सांगू नकोस हं.” आणि मी नाही सांगितलं.

आता असल्या माणसाला चाखणदार केलं कोणी? गावाने. आमची एक जुनी पंचसभा आहे. तिला आता ना कर वसूल करता येतो, ना कोणाला कोठडीत टाकता येतं. पण दर ऑक्टोबरात खाटकाच्या दुकानावरच्या खोलीत ती भरते आणि दवंडीवाला, शेताचे बांध बघणारा, बिअर चाखणारा असे मानकरी निवडते. नियम असा, की जो सभेला हजर नाही त्याला नाही म्हणता येत नाही. त्या वर्षी यॅपची दाढ सुजली होती. झालं. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून कागद आत आला.

तो नकार द्यायला गेला होता. पंचसभेच्या प्रमुख मिसेस डॅलिमोर, आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. अर्ध्या गावाने त्यांच्या हाताखाली पाढे म्हटलेत. त्यांनी याला बसवलं, चहा दिला, बडीशेपेचा केक दिला आणि “तुम्ही हो म्हणालात, किती बरं वाटलं!” असं म्हणून मोकळ्या झाल्या. याने केक खाल्ला, आभार मानले आणि चाखणदार होऊन घरी आला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. लहानपणी आईने याला चॅपेलमध्ये नेऊन ‘दारूला शिवणार नाही’ अशा कागदावर सही करायला लावली होती. आठ वर्षांच्या पोराची ती वाकडी सही अजून त्याच्या स्वयंपाकघरात चौकटीत लटकते. त्या चौकटीखाली बसून त्याने तो झगा दुमडून ठेवला.

शिवाय चाखणदाराची शपथ अशी, की घोट पोटात गेला पाहिजे. थुंकायचं नाही.

तेव्हा गावात सात पब होते. म्हणजे सात घोट. यॅपचा घोट घेतानाचा चेहरा बघायला लोक आजूबाजूच्या गावांतून यायचे. नाक वर जायचं, ओठ खाली, एक डोळा आपोआप मिटायचा, मान थरथरायची. लोकांना वाटायचं, काय नकला करतो हा! पोरं वर्षभर त्याची नक्कल करत फिरायची आणि दर ऑक्टोबरात पंचसभा त्यालाच पुन्हा नेमायची. ती नक्कल नाही, हे मला तेवढं माहीत. तो बिचारा जीव मुठीत धरून गिळत होता.

पण गंमत ऐका. असला चाखणदार या खोऱ्यात पूर्वी झाला नाही. याच्या आधीचा लठ्ठ चाखणदार सातव्या पबपर्यंत पोहोचेस्तोवर सगळ्यांच्या गळ्यात पडायचा. त्याला व्हिनेगर पाजलं असतं तरी त्याने ‘उत्तम’ म्हणून दारावर डहाळी लावली असती. ज्याला बिअर आवडते तो तिचे शंभर अपराध पोटात घालतो. यॅप कशाला घालेल? तो पाणीखात्यात चौतीस वर्षं होता. घरोघरच्या नळाचं पाणी चाखून कुठला नळ गंजलाय ते सांगायचा. त्याने मला एकदा सोड्याचा पेला फिरवत सांगितलं होतं, “थेल्मा, घाणीतही फरक असतो. एक बिअरची स्वतःची घाण. कडवट, ओल्या गवतासारखी, पावाच्या पिठासारखी. ती माफ. तिच्यावर जी वरची घाण बसते ना, तळघराची, नळीची, आळशी माणसाची, ती मी पकडतो.”

चांगली असली की तो आयव्हीच्या वेलाची हिरवी डहाळी दारावर लावायचा. वाईट असली की पेल्यातली उरलेली बिअर उंबऱ्यावर ओतायची. या सव्वीस वर्षांत त्याने तीनदा ओतली. त्या तिन्ही ठिकाणी आता एक केस कापायचं दुकान, एक दाताचा डॉक्टर आणि एक रिकामी इमारत आहे. म्हणून ओतणं म्हणजे काय, हे गावाला चांगलंच ठाऊक.

आता सातातला एकच पब उरलाय; तीन ओतल्यामुळे गेले, तीन गिऱ्हाईक नाही म्हणून. ‘लंगडा हंस’. तो क्लेमंट प्रीसचा. क्लेम मागच्या कोठारात स्वतः बिअर गाळतो; त्याचा बाप गाळायचा, आजाही. यॅप आणि क्लेम एका बाकावरचे. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि तीही आमच्या पद्धतीची, म्हणजे दोघांनी मिळून पन्नास वर्षांत दोनशे वाक्यं बोलली असतील. मासे धरायला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. “काही मिळालं?” “नाही.” संपलं.

क्लेमचं नाक म्हणजे खोऱ्यात नावाजलेलं. पिंपावर वाकून एकदा हुंगलं की बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची बोंडं कुठल्या शेतातली ते सांगणार. बायको ओल्वेन म्हणायची, “हा मला नाकानेच ओळखतो, डोळे नुसते शोभेला.” ओल्वेन सहा वर्षांपूर्वी गेली. फाटक्या तोंडाची बाई. ती असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

गेल्या डिसेंबरात क्लेम तीन आठवडे तापाने आडवा झाला. उठला तो बारीक होऊन, पण उठला. जानेवारीत त्याने नेहमीची बिअर लावली. पहिला पेला माझ्यापुढे ठेवला. “कशी झालीये, थेल्मा?”

तिला खवट लोण्याचा वास मारत होता. घोट जिभेवर चिकटून बसला, साबण चाटल्यासारखा. मी त्याच्याकडे पाहिलं. गळ्याभोवती शर्ट ढिला झालेला. आजारातून उठलेल्या माणसाला काय म्हणायचं?

“छानच,” मी म्हणाले.

इथे सगळं चुकलं, आणि चुकवलं मी. माझ्यानंतर त्याने रेग बफ्टनला विचारलं. रेग म्हणजे रोज खिडकीपाशी बसणारा, मेंढ्यांची लोकर कातरणारा रेडा. तो म्हणाला, “फक्कड!” मग प्रत्येकाला विचारलं. फक्कड, सुरेख, नेहमीसारखी. अळीमिळी गुपचिळी. मार्चमधल्या बिअरला उकडलेल्या कोबीचा वास होता. मेमधली आंबट. पिंपातून बिअर आणणाऱ्या नळ्या धुणं क्लेमचं काम. त्याने बहुतेक नळीचं तोंड नाकाशी धरायचं आणि ठीक आहे म्हणायचं. एक दिवस मी नळी उघडली तर आतून बोटभर लांब काहीतरी बुळबुळीत, राखाडी बाहेर आलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी ते टाकलं, नळी गुपचूप उकळत्या पाण्याने धुतली आणि एक शब्द बोलले नाही. का नाही बोलले? कारण सगळे छान म्हणत होते. आणि सगळे छान का म्हणत होते? कारण मी म्हटलं होतं.

लोक घाण पितही होते! मला त्यांचीच जास्त किळस येते. अर्धा पेला नाक बंद करून पोटात, अर्धा खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत. रेगच्या खिडकीतलं रोप जूनमध्ये मेलं. क्लेमने नवीन आणून लावलं. “कीड लागली वाटतं,” म्हणाला. रेग म्हणाला, “या वर्षी कीड फार आहे बाबा.” मग क्लेमने पुन्हा विचारायचं, “बिअर बरी आहे ना रे?” आणि याने ओठ पुसून म्हणायचं, “फक्कड!”

सप्टेंबर आला. सप्टेंबरात क्लेम ‘हिरवी’ काढतो. नावाला हिरवी, रंगाने फिकट सोनेरी. एरवी हॉप्सची बोंडं भट्टीत वाळवून वापरतात. हिच्यात ती वेलावरून उतरवलेली, ओली, तशीच घालायची. सकाळी शेतात आणि दुपारच्या आत भांड्यात. उशीर झाला की पोत्यात बोंडं तापतात आणि कुजतात. वर्षातून एकदा, एवढीच. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तोडणी संपल्याचा सण असतो, तीनशे माणसं येतात आणि सगळी ‘हिरवी’ प्यायला येतात. सगळं वर्ष ‘लंगडा हंस’ त्या एका दिवसावर उभा असतो.

या वर्षी पोती आणणारी गाडी वाटेत बंद पडली. पोती एक अख्खा दिवस उशिरा कोठारात आली. मी पोत्यात हात घातला आणि झटकन काढला. शेणाच्या ढिगात हात घालावा तसं आत गरम, ओलं. वासाने डोळे चुरचुरले.

“क्लेम,” मी म्हणाले, “ही जरा गरम लागतायत.”

त्याने दोन्ही हातांनी ओंजळ भरली, नाकाशी नेली, डोळे मिटून खोल श्वास घेतला. “आहाहा,” तो म्हणाला. “यंदाचं पीक काय आहे बघ!”

आणि मी म्हणाले, “हं.”

हं! माझ्या तोंडात मारायला तेव्हा कोणी नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी पहिलं पिंप उघडलं. मी एक थेंब जिभेवर घेतला आणि अंगणात जाऊन ओकले. खरंच ओकले. मग तोंड धुऊन आत आले तेव्हा यॅप सोड्याची वाट बघत बसला होता. क्लेम बाजारात गेलेला.

“वास येतोय?” मी विचारलं.

“चर्चपासून,” यॅप म्हणाला. “आणि आजचा नाही. मार्चपासून येतोय.”

मी हातातला पेला आपटलाच. “मार्चपासून? आणि तुम्ही बोलला नाहीत? तुमचा दोस्त आहे ना तो?”

“मला कोणी विचारलं नाही. मी बिअर पीत नाही, त्यामुळे मला तो विचारत नाही. आणि चाखणदार म्हणून बोलायचा अधिकार मला वर्षातून एकच दिवस.”

“अधिकार! नाकाने कांदे सोलू नका, मिस्टर यॅप. जा आणि आज सांगा. कोपऱ्यात घेऊन सांगा.”

“आज सांगितलं आणि उद्या डहाळी लावली तर ती लबाडी. आज सांगितलं आणि उद्या ओतली, तर दोनदा मारल्यासारखं. एकदाच होऊ दे.” त्याने सोडा अर्धाच ठेवला. दारापाशी थांबून म्हणाला, “तू का नाही सांगितलंस?”

मी फडक्याने पुसलेलाच गल्ला पुन्हा पुसला.

शनिवारी सकाळी अकराला दवंडीवाल्याची घंटा वाजली. यॅप झगा घालून, पेला घेऊन आला. मागे मिसेस डॅलिमोर, एक्याऐंशी वर्षांच्या, हातात आयव्हीची डहाळी. त्यांच्यामागे निम्मं गाव. सणाची माणसं अजून यायची होती. क्लेमने ओल्वेनने विणलेला हिरवा गळपट्टा घातला होता. त्याने पिंपातून पेला भरला. फेस सुरेख आला, रंगही. बघायला काय, सोनं.

यॅपने पेला वर उचलला. लोक गालात हसत पुढे सरकले, पोरांना खांद्यावर घेतलं. यॅपचा चेहरा बघायचा ना! पण या वेळी पेला ओठांना लागायच्या आधीच चेहरा उतरला. नाकपुड्या पांढऱ्या पडल्या. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग घोट घेतला. गिळला. मी त्याचा गळा बघत होते. घोट खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. शपथ म्हणजे शपथ. कपाळावर घाम फुटला.

पोरं हसायला लागली. मोठी माणसं हसली नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं त्या पेल्यात काय आहे.

मिसेस डॅलिमोरनी डहाळी पुढे केली. “चला, मिस्टर यॅप,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “लोक ताटकळलेत. परंपरेचा दिवस आहे, उगाच शोभा नको.”

सगळं गाव मनातल्या मनात म्हणत होतं, लाव बाबा डहाळी. आम्ही कसंबसं पिऊ, कुंडीत ओतू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यॅपने डहाळी घेतली नाही. त्याने पेला उलटा केला. बिअर उंबऱ्यावर पडली, क्लेमच्या बुटांवर उडाली. आणि तो वास! उन्हाने तापलेल्या दगडावरून तो असा उठला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी हातरुमाल नाही तर गळपट्टे नाकाला लावले, जे काय सापडेल ते. फक्त क्लेम तसाच उभा. वास त्याच्या नाकाखालून गेला आणि त्याला काही कळलं नाही. ते मी तेव्हा पाहिलं. नऊ महिने त्याच्या शेजारी उभी होते आणि पाहिलं नव्हतं.

“काय आहे तिच्यात, अ‍ॅम्ब्रोज?” क्लेमने विचारलं.

“कुजलेली बोंडं. नळीतली बुरशी. आणि पिंपाच्या लाकडाने आंबूस वास धरलाय.”

“ए यॅप!” मागून रेग ओरडला. “तू दरवर्षी असंच तोंड करतोस! माणसाची अब्रू काय घेतोस? उत्तम आहे बिअर!”

“उत्तम आहे?” यॅप वळला. “मग ये पुढे. पिंप भरलेलं आहे. ये, पेलाभर पी. कुंडी मी धरतो.”

रेग पुढे आला नाही. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तरी नाही.

यॅपने टोपी काढली. “तोंडाचं म्हणशील तर खरं आहे. मला बिअर आवडत नाही. कधीच आवडली नाही. सव्वीस वर्षं मला तिची किळस येते. तो चेहरा नाटक नव्हतं.” मिसेस डॅलिमोरच्या हातातली डहाळी खाली आली. “पण म्हणूनच मला तिची बाजू घ्यावीशी वाटत नाही. मला ती आवडून घ्यायची नसते, मला फक्त खरं सांगायचं असतं.”

क्लेमने बुटांकडे पाहिलं.

“ही एकच?” तो म्हणाला. “की उन्हाळ्यातली पण?”

“उन्हाळ्यातली पण.”

“आणि मार्चमधली?”

“जानेवारीपासूनची सगळी असावी. मार्चच्या आधी थंडीत मी घराबाहेर पडत नव्हतो, खिडकीही बंद असायची.”

मग क्लेम गावाकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मला नाक राहिलं नाही,” तो म्हणाला. “तापानंतर गेलं. गुलाब नाही, शेण नाही, काही नाही. नाक नसलेला बिअरवाला म्हणून कोणाला सांगू? म्हटलं, लोकांना विचारत जाऊ. माझी माणसं आहेत, चुकलं तर सांगतील. रोज विचारलं. रेग, तुला रोज विचारलं की नाही?”

रेगने मान खाली घातली.

“थेल्मा, तुला तर पहिलीला विचारलं.”

एकोणतीस वर्षं सगळ्यांना तोंडावर सुनवणारी बाई मी. मी उंबऱ्यावरच्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

“तुम्ही सांगितलं असतं तर जानेवारीतच गाळणं थांबवलं असतं,” क्लेम म्हणाला. “तुम्ही छान म्हणालात म्हणून मी नऊ महिने तुम्हाला हे पाजलं. माझ्या बापाच्या नावाने.” आणि तो आत गेला.

गावाने काय केलं? जे गाव नेहमी करतं ते. आभाळाकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, “दुपारी पाऊस येणार वाटतं.” त्या क्षणी मला सगळ्यांच्या टाळक्यात पिंप घालावंसं वाटलं, माझ्यासकट.

यॅप एकटाच आत गेला. मी त्याच्यामागे गेले. क्लेम कोठारात पालथ्या बादलीवर बसला होता. यॅप झग्यासकट दुसऱ्या बादलीवर टेकला. दोघं मासे धरायला बसल्यासारखे.

मग क्लेम म्हणाला, “सव्वीस वर्षं तुला माझी बिअर घाण लागली?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.” यॅपने विचार केला. “पण सातांत तुझी सगळ्यांत कमी.”

क्लेमच्या तोंडून आवाज निघाला. मला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता रडलाही, आणि यॅप पेल्याचं पितळ झग्याने पुसत बसला.

‘हिरवी’ची सगळी पिंपं मी आणि रेगने मागच्या चरात ओतली. रेगला मी हाताला धरून आणलं होतं. वासाने तो दोनदा कुंपणाला टेकून ओकला, मी म्हटलं, “फक्कड आहे ना? ओत.” सणाला तीनशे माणसं आली आणि सफरचंदाची दारू नि चहा पिऊन गेली. कुरकुरली. खोऱ्यात बातमी पसरली. आठवडाभर पबचं दार बंद होतं आणि उंबऱ्यावरचा डाग घासूनही जाईना. मला वाटलं, ओतलेल्यांतला हा चौथाही गेला. आता इथेही कोणीतरी दात उपटणार.

पण पुढच्या सोमवारी सकाळी दहाला यॅप मागच्या दाराने आला. झगा नाही, नेहमीचा कोट.

“नळ्या आण,” तो क्लेमला म्हणाला.

त्या दिवशी त्याने नळ्या हुंगल्या. मंगळवारी पिंपं. एकेका लाकडी पिंपात नाक घालून “हे जाळ”, “हे उकळ”, “हे राहू दे.” नवीन बिअर लागली तेव्हा तो रोज दहाला यायला लागला. रोज एक घोट, आणि तोही गिळायचा. आता कसली शपथ नाही, थुंकला तरी कोण विचारतंय? मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, “शेवटची चव घशात कळते.” एकदा त्याच्या घरी सोड्याच्या बाटल्या पोचवायला गेले, तर आईसमोर सही केलेली ती चौकट भिंतीकडे तोंड करून लावलेली दिसली. मी विचारलं नाही. जे विचारायला नको तेही विचारायचं असतं, हे शिकायला मला अजून वेळ आहे.

त्याच दिवसांत क्लेमने मलाही एकदा विचारलं, “ही कशी आहे, थेल्मा?” मी चाखली. जिभेवर ‘छान’ हा शब्द यायला लागला होता, तो गिळून टाकला. “पाणचट,” मी म्हणाले, “आणि उगाच गोड.” त्याने मान हलवली आणि ती ओतून दिली. मला वाटलं होतं तसं आभाळ काही कोसळलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. क्लेमने पेला भरला आणि यॅपपुढे ठेवला. स्वतः दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे. आता त्याचं नाक म्हणजे यॅपचा चेहरा. यॅपने घोट घेतला. नाक वर गेलं, ओठ खाली, एक डोळा मिटला, मान थरथरली. मी क्लेमकडे बघत होते; तो श्वास घ्यायचा थांबला होता.

यॅपने रुमाल काढला, तोंड पुसलं, आणखी एकदा शहारला.

“नेहमीइतकीच घाण आहे,” तो म्हणाला. “खुशाल वीक.”